माल बघून घ्यावा

विटा ते सांगली, तासगाववरून. मांडीवर वही,
वहीत उरलेलं कमी, खोडलेलं जास्त.
प्रोसेसर सहा कोअरचा. आठाचा खोडला.
रॅम सोळा, पुढचं पुढं.
ग्राफिक कार्डापुढं नुसती रेघ.
त्या रेघेवर मी सात महिने पैसे टाकत होते,
मग आईच्या दातांचं निघालं.

घरच्या लॅपटॉपवर तोड्याचं एक डिझाइन
फिरवून बघायचं तर मधे चहा होतो,
कप विसळूनही होतो.

शेजारी अण्णा. "तुम्ही कशाला?"
"येतो की. माल बघून घ्यावा."
तीस वर्षं सेलमला गलाई केली त्यांनी.
सराफांच्या दुकानातला केर, चटयांची राख,
त्यातनं गुंजभर काढायचं, तोलून परत द्यायचं.
आता खोकतात. तेजाबाची पेन्शन म्हणतात तिला.

विश्रामबागेत शकील मुजावरनं
मदरबोर्ड काउंटरवर ठेवला, लेकराला पाळण्यात ठेवावं तसा.
अण्णांनी चष्मा कपाळावर सारला,
रॅमची पट्टी उचलून
कडेचे पिवळे दात उजेडाला धरले.
"मुलामाच हाय. पण खरा."
"काका, तिथं बोट नको, अंगातली वीज लागते त्याला."
त्यांनी पट्टी खाली ठेवली,
गिऱ्हाइकाची अंगठी ठेवतात तशी,
आणि विचारलं, "मोडीला काय जाईल?"

प्रत्येक वस्तूला हेच.
शकील हसायचा. मी वहीत बघायचे.

"पोत्यानं यायचे आमच्याकडं," ते एकदम म्हणाले,
"बँकांचे, टेलिफोनचे, मेलेले बोर्ड.
मागच्या अंगणात टबात घालायचो. पाणी हिरवंगार.
कुणीतरी घेतानं निवडून घेतले असतील न्हवं,
असे, वही घेऊन?
तवा मनात आलं न्हाई."

मग एसएमपीएस. मी स्वस्तातला लिहिलेला.
त्यांनी दोन्ही हातांत दोन धरले, डोळे मिटले.
"ह्यो हलका. आत तांबं मारलंय."
शकीलनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली.
अकराशे वाढले.
कॅबिनेटची काच गेली, रंगीत दिवे गेले,
उरला एक काळा डबा, दळणाचा असावा तसा.

रात्री सतरंजीवर सगळं मांडलं.
प्रोसेसरवर पेस्ट, मसुराच्या दाण्याएवढी.
"पसरू नको, दाबानं आपसूक पसरंल.
टाकणखार असाच, चिमटीनं."
स्क्रू ते मोजून हातात देत होते, तमिळमध्ये,
ओन्नु, रेंडु, मूणु, नालु.
पैसे आणि औषधाच्या गोळ्याही तसेच मोजतात.
नववा नव्हता.

आत पडला असेल तर बोर्ड जळेल, मी म्हटलं,
डबा उलटा केला, हलवला, टॉर्च मारला.
अण्णा उठले. आईचा मऊ झाडू घेतला
आणि खोली झाडायला लागले,
कोपऱ्यातून मधे, घाई नाही,
केर कागदावर, कागद किंचित तिरका,
बोटानं टिचकी, टिचकी.
केस, खोबऱ्याचा कीस, मुंगी, स्क्रू.
"सापडला" म्हणाले नाहीत.
तळहातावर दोनदा झेलून
माझ्याकडं दिला.

बटण दाबलं. काहीच नाही.
मी रडायच्या बेतात, तेव्हा दिसली
वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची वायर, लोंबकळत.
परत दाबलं.
पंखा.

अण्णांनी मागच्या जाळीपाशी हात धरला,
बराच वेळ. "एवढंच गरम?
सोनं तर हजारावर गेल्याबिगर जागचं हलत न्हाई."
नंतर आत वाकून
रिकाम्या लांब खाचेकडं बोट केलं.
"हितं काय बसायचं?"
"ग्राफिक कार्ड. पुढच्या दिवाळीला, बघू."

त्यांनी किंमत विचारली नाही.
मोडीला काय जाईल, तेही नाही.