करपलेली कड

कोरोंदच्या वरच्या रानात
बीचच्या म्हाताऱ्या खोडांना
घोड्याच्या खुरासारखी अळंबी चिकटलेली असते.
आम्ही तिला ताप्लो म्हणतो.
वरचं टणक कवच सोलायचं,
खालच्या नळ्या खरवडून टाकायच्या,
मधला तपकिरी गाभा तेवढा
चकती चकती कापून घ्यायचा.
मग ठोकायचा, ताणायचा, परत ठोकायचा,
तळहाताएवढा तुकडा
टोपीएवढा होईस्तोवर.

याच्यावरच माझं पोट.
वडील, गेर्गेली, मेंढ्या राखायचे.
ते टोप्यांना हसायचे.
त्यांच्या लेखी ताप्लो म्हणजे विस्तव,
राखेच्या पाण्यात उकळून, वाळवून, कुस्करून
कातडी बटव्यात ठेवलेला,
झोपलेला.

त्या ऑक्टोबरात भाचा एलेक बरोबर होता.
जर्मनीतल्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यातून
मुदतीच्या आधीच परतलेला.
का, ते त्यानं सांगितलं नाही
आणि बहिणीनं मला विचारू दिलं नाही.
खिशात दोन लायटर, तोंडात शब्द नाही.

तिसऱ्या ओढ्यात त्याचा पाय निसटला.
घोटा बघता बघता भोपळा झाला.
लायटर भिजले. फोन भिजला.
चार वाजता अंधारून आलं
आणि बर्फ भुरभुरू लागलं, अगदी बारीक,
कुणी वर बसून पीठ चाळावं तसं.

पाठीवर पोतंभर ताप्लो,
सकाळीच काढलेला, ओलाकच्च.
त्यातली एक चिमूटही पेटणारी नव्हती.

वडिलांची चकमक मात्र पिशवीत होती.
जुन्या कानशीचा वाकवलेला तुकडा, एक गारगोटी.
तसबिरीसारखी बाळगलेली,
पाया पडण्यापुरती.
एलेक ती बघून पहिल्यांदा हसला.
हसू दे म्हटलं.

स्प्रूसच्या पोटाखाली वाळक्या काड्या असतात,
तिथे पाऊस पोचत नाही, हे मला माहीत होतं.
भूर्जाची साल सोलली, कागदाहून पातळ.
राळेचा एक खडा नखानं उकरला.
सगळं मांडून झालं,
आणि ठिणग्या
सालीवर पडून नुसत्या विझत राहिल्या.
शंभर तरी असतील. मी मोजल्या नाहीत,
बोटाचं साल निघालं तेव्हा थांबले.

तेव्हा टोपी आठवली.
शालीखाली, डोक्यावर, कोरडी.
खपली नव्हती म्हणून माझी झालेली,
गेल्या हिवाळ्यात चुलीशी वाळताना
आतून कड करपली होती,
नाण्याएवढी काळी.
गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवायचं.

सुरीनं तेवढाच काळा तुकडा कापला.
गारेवर ठेवला, अंगठ्याखाली दाबला,
आणि मारलं.

ज्वाळा नाही. आवाज नाही.
एक नारिंगी ठिपका,
टाचणीच्या डोक्याएवढा,
कडेकडेनं खात निघाला.
मी श्वास रोखला, मग आठवलं
की श्वासच द्यायचा आहे.
सालीच्या झुबक्यात तो घातला,
फुंकर, धूर, डोळ्यांत पाणी, फुंकर.
एलेकनं न सांगता
दोन्ही तळवे भोवती धरले.
त्या हातांवर कापल्याच्या जुन्या खुणा होत्या,
धूर उजळला तेव्हा दिसल्या.

मग पेटलं.

रात्रभर काड्या घालत तो बोलत होता.
काय बोलला ते त्याचं आहे.
मी पोत्यावर बसून ऐकलं.
पहाटे मिहायची कुत्री भुंकत वर आली,
मागून मिहाय, मागून घोडा.

आता टोपीला एक खाच आहे,
उंदरानं कुरतडल्यासारखी.
परवा बुखारेस्टच्या एका बाई म्हणाल्या,
फाटकी आहे, अर्ध्या किमतीत द्या.
मी काही बोलायच्या आत
एलेकनं ती खुंटीवरून काढून
आत नेऊन ठेवली.

त्याच्या स्वतःच्या टोपीची कड
मी काल धुताना उलटून पाहिली.
आतल्या बाजूला,
नाण्याएवढा,
मुद्दाम करपवलेला डाग.