तळापासून

दुकानातलं मोठं पातेलं भंगारवाल्यानं नेलं
त्या दिवशी किइचिरो जिन्यापर्यंतसुद्धा आला नाही.
सव्वीस वर्षं त्यात हाडं उकळली,
रात्री दोनला उठून त्यानं फेस काढला,
आणि शेवटी त्याचा भाव ठरला
किलोवर.

आता कोगानेईत तिसरा मजला,
दोन बर्नरची शेगडी, तिच्या पोटात मासे भाजायचा अरुंद कप्पा,
आणि उजवा खांदा वर न जाणारा नवरा.
कशातच रस उरला नाही, म्हणाला.
मी म्हटलं, बरं,
मग आज बिनरश्शाच्या नूडल्स.

त्यानं पेपर खाली केला नाही.

वाडग्यात आधी सोया सॉस, दोन चमचे.
व्हिनेगर, चिमूट साखर,
आणि कांद्याच्या पातीत, आल्यात
मंद आचेवर विरघळवलेली डुकराची चरबी.
एवढंसं काळं, चकचकीत, तळाशी.
हातात वाडगा धरला तर रिकामाच वाटावा.

'वाडगा आधी गरम करायचा असतो.'
सकाळपासूनचं पहिलं वाक्य.

जाड नूडल्स सात मिनिटं.
सहाव्याला तो माझ्या मागे उभा,
सातव्याला चाळणी त्याच्या डाव्या हातात.
झटकली. पुन्हा झटकली. खिडकीच्या काचेवर शिंतोडे.
'थेंब राहता कामा नये. इथे पाणी म्हणजे चोर.'
आयुष्यभर पळीपळीनं ओतणारा माणूस
हे म्हणाला, आणि जरासा थांबला.

वर पात, समुद्रशेवाळ, सुक्या माशाची भुकटी,
मधोमध कच्चा बलक.
दिसायला सुरेख. पण तसंच खाल्लं तर
नुसतं पीठ.

ढवळावं लागतं.
आमच्या घरात तळ कुणी ढवळत नाही.
तेप्पेई दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला होता,
ही हाडं मला नकोत, बाबा.
नऊ वर्षं झाली. आम्ही
हवामानावर बोलतो.

किइचिरोनं काड्या खोल घातल्या,
खालचं वर, पुन्हा खालचं वर.
बलक फुटला, सगळं तपकिरी झालं,
वास थेट छताला.
'तो नूडल्स तेवढ्या खायचा,' वाडग्याकडे बघत म्हणाला,
'रस्सा तसाच ठेवायचा. भरलेला. दर वेळी.
मला वाटायचं, मुद्दाम.'

मी काही बोलले नाही.
भाताचा मूठभर गोळा त्याच्या वाडग्यात टाकला.
कडेला चिकटलेलं सगळं त्यानं त्यानं पुसून घेतलं,
चरबी, चुकार पात, शेवटचा काळा ओघळ.
'व्हिनेगर जास्त झालंय,' म्हणाला.
आणि आणखी भात मागितला.

रात्री दोनला मला जाग आली.
स्वयंपाकघरात दिवा, शेगडी बंद.
औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर तो लिहीत होता:
सोया दोन. व्हिनेगर पाऊण. पाणी नीट झटक.
वर नाव नव्हतं.
अक्षर मात्र मोठं, सुटं,
दूरच्या माणसाला वाचता यावं असं.