घट

कानाच्या वरच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा फोड,
वर खपली. दोन उन्हाळे मी त्याला खोबरेल लावलं.
पारोळ्याच्या पेठेत माझी गादी उत्तरेला तोंड करून,
म्हणजे चार वाजले की सगळं ऊन डाव्या कानावर.
एकतीस वर्षं.

जळगावला एक कण काढून तपासायला पाठवला.
आम्ही कसोटीवर घासतो, ते काचेवर पसरतात.
निकाल आला तेव्हा एका बाळाचा कान टोचत होतो.
फोन मुलीने घेतला. मी तार वळवून पुरी केली.

डॉक्टर तडवीबाई, यावलच्या. म्हणाल्या,
गाठीभोवतीचं चांगलं कातडंही थोडं जाईल.
म्हटलं, घट धरावीच लागते.

पेठेत लोकांनी हसू दाबलं:
कान सोनारानेच टोचावा,
आणि सोनाराचाच कापायचा तर?

वरचा अर्धा गेला. पाळी राहिली,
पाळीतलं भोक राहिलं,
वडिलांनी बाराव्या दिवशी टोचलेलं, जरासं तिरकं.
तीन महिने चष्मा दोऱ्याने बांधून डाख लावला.
फुंकणी तोंडात, दोरा सुटायचा,
काजळी दाढीत.

मग बाईंनी उजव्या कानावर फिल्म धरून
कड गिरवली, आणि फिल्म उलटी केली.
साचा, मी म्हटलं. साचाच, त्या म्हणाल्या.
बरगडीची कूर्चा काढली. वयाने चुना धरला होता तिच्यात,
कोरताना तडकत होती, असं नंतर सांगितलं.
भेसळीचं सोनं असंच वागतं.
ते कोरकाम चाललं तेव्हा मी भुलीत.
कान गेल्याचं नाही,
ते बघायला मिळालं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

पाच महिने तो घाट कातड्याखाली निजून.
मग उचलला, मागून मांडीचं कातडं लावलं.
पट्टी सुटली त्या दिवशी रत्नप्रभा म्हणाली, दखू बरं.
दिव्याजवळ नेऊन पाहिलं. बराच वेळ.
"आते चष्मा नीट बसस," एवढंच.

कड किंचित जाड आहे. रंग थंडीत निळसर होतो.
स्पर्श नाही. रात्री त्या कुशीवर झोपलो तर
उशी आहे की नाही तेही समजत नाही.

काल म्हसव्याची एक बाई बाळ घेऊन आली,
माझ्याकडे बघून दारातच थबकली.
मी सुई स्पिरिटमध्ये बुडवली, काही बोललो नाही.
पहिला कान टोचला. बाळाने टाहो फोडला
आणि हाताला लागेल ते धरलं, ओढलं.
मला कळलंच नाही.
चष्मा हलला, तेव्हा कळलं.

म्हटलं, आता दुसरा.