शून्य कुठं धरायचं

उदगीरला, गच्चीवर, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप.
अरबी समुद्राची उंची काढतेय.
तापमान, क्षारता, दाब : तीन रकाने,
जहाजावर कुणीतरी पहाटे साडेतीनला भरलेले.

ऊन पाणी फुगतं, खारं पाणी आखडतं.
थरावर थर रचायचा,
पण प्रोग्राम पहिल्याच ओळीत अडून बसलाय :
उत्तर नाही.

शेजारचे इलाहीचाचा बोअरच्या गाडीवरनं आलेले,
भुवयांवर राखाडी दगडभुकटी.
"काय मोजलालीस?"
समुद्राचा चढ.
"पाण्याला कुठला आलाय चढ?"
असतो, चाचा. वीतभर. त्यावरनंच प्रवाह कळतो.
"आन् शून्य कुठं धरलंस?"

हजारावर. तिथं पाणी हलत नाही
असं मानतो आम्ही.
"मानता?"
मानतो.

मग नोंदी पाहिल्या. केबल नऊशे चाळीसलाच थांबलेली.
चाचा हसले. त्यांचंही आज सहाशे ऐंशी फुटांवर थांबलं.
वहीत त्यांनी कोरडा लिहिलं नाही,
नुसतं : इथवर.

मी शून्य नऊशेवर आणलं.
एक पूर्णांक बहात्तर.
माझ्याहून जरा उंच.

चाचा टाकीच्या नळाखाली
कोपरापर्यंत हात धुत राहिले.