फटी बुजवताना

तार्तूत ऑक्टोबर.
माइमू स्टुलावर चढते,
गुडघा कुरकुरतो, स्टूलही.

मैद्याची खळ जरा पातळच झालीय.
दोन तावदानांमध्ये कापूस कोंबायचा,
फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या डकवायच्या,
ही कामं एन्डेलची.
ती खालून फक्त म्हणायची, "वाकडी लागतेय."

गेल्या हिवाळ्यातली एक पट्टी
उन्हाळ्यात काढायचीच राहिली.
ओल्या फडक्यानं ती हळूहळू सुटते,
अर्धं शब्दकोडं घेऊन, त्याच्या अक्षरातलं.
सात आडवा: नदीचं नाव.
तेही चुकलेलं.

ती पेन्सिल शोधून आणते.
खोडत नाही,
बाजूला बरोबर नाव लिहिते
आणि पट्टीला पुन्हा खळ लावून
होती तिथंच दाबते.

खाली उतरून बघते.

वाकडी लागलीय.
राहू दे.