स्पष्ट लिहा

माणिक, आज अकरावी तारीख झाली.
फोर्टातलं तेच कोर्ट, तिसरा मजला,
न्यायाधीश नवे, पंखा जुना.
पट्टेवाल्याने माझं नाव पुकारलं
आणि तुझ्या नावाआधी "मयत" म्हणाला,
सहज, बरणीवर "हळद" लिहावं तसं.

तुझा भाचा समोरच्या बाकावर होता.
शनिवारी आला की जवळा दोनदा मागून घ्यायचा,
आज माझ्याकडे पाहीना,
वकिलाच्या बुटांकडे बघत राहिला.
मला राग येईना. बूट खरंच चांगले होते.

मग त्यांनी कागद काढला.
हॉस्पिटलचा, ऑपरेशनच्या रात्रीचा.
"हे अक्षर तुमचं?"
माझं.
"रुग्णाशी नातं. काय लिहिलंय, वाचा."
बहीण.
"तुम्ही बहीण आहात?"
नाही.
"म्हणजे खोटं लिहिलंत?"

काचेपलीकडची मुलगी म्हणाली होती,
तुला ते कुठे ऐकू येत होतं,
रक्ताचं कुणी असेल तरच सही चालेल.
पावणेतीन वाजलेले. भाच्याचा फोन बंद.
तुझा हात स्ट्रेचरवरून खाली लोंबत होता,
बोटांना तांब्याच्या तारेचा वास.
एकोणीस वर्षं तू मोटारींच्या कॉइली गुंडाळत होतीस,
तो वास कुठल्या साबणाने जायचा नाही,
मला तो जायला नकोच होता.
रकाना दीड इंचाचा.
त्यात मावेल असं एक नातं मी लिहिलं
आणि तुला आत नेलं.

यातलं काही बोलले नाही.
"हो की नाही एवढंच सांगा," म्हणाले.
मी हो म्हणाले.
टायपिस्टने लगेच उमटवलं.
अकरा तारखांत इतकं सुटसुटीत वाक्य
माझ्या तोंडून गेलं नव्हतं.

जेवणाच्या सुटीत नवघरेबाईंनी चहा पाजला.
म्हणाल्या, तुमचं प्रेम आता गुन्हा नाही,
पण गुन्हा नाही म्हणजे नातं आहे, असं होत नाही.
दोन्हीच्या मधे एक मोकळं मैदान आहे,
आपण तिथे उभ्या आहोत. फीचं नंतर बघू.
मैदान म्हटल्यावर मला आपली दहा बाय बाराची खोली आठवली.
गॅसचं पुस्तक तुझ्या नावावर, विजेचं बिल माझ्या,
पाणी कुणाच्याच नाही, ते पहाटे चारला यायचं
आणि जी जागी असेल तिचं व्हायचं.

दुपारी कंपनीचा माणूस साक्षीला आला.
फाइलीतून तुझा फंडाचा अर्ज काढला,
नॉमिनीचा. माझं नाव वाचलं, वय चुकीचं वाचलं.
नात्याच्या रकान्यात तू लिहिलं होतंस: घरची.
बाजूला ऑफिसची लाल पेन्सिल: स्पष्ट लिहा.
त्याखाली दुसरा अर्ज, तुझाच, आठवड्यानंतरचा.
तुला वाटलं, अक्षराबद्दलच म्हणतायत.
चौथीत शाळा सुटलेली, अक्षराची तुला कायम लाज.
म्हणून यावेळी सावकाश, दोनदा गिरवून,
वेलांटी पार वरच्या रेघेला टेकवून
पुन्हा तेच:
घरची.

मागे कुणीतरी हसलं.
न्यायाधीशांनी चष्मा पुसला, कागद खिडकीकडे धरला.
"हे तर स्पष्ट आहे," म्हणाले.
मग जरा थांबून, "पण कायद्यात याचा अर्थ काय?"
दोन्ही वकील एकदम उभे राहिले.

पुढची तारीख चौदा.

जिन्यात भाचा गाठ पडला, वकील पुढे गेला होता.
"जेवलीस का मावशी?" म्हणाला सवयीने,
आणि जीभ चावली.
मीही जेवले नव्हते. डबा उघडून कठड्यावर ठेवला.
जवळा होता.
उभ्याउभ्या त्याने दोनदा घेतला.