कानातला खडा

सेल्मा ओनालिक कॉड मासा पालथा धरते,
डोळ्यांच्या मागे सुरी टेकवते, कवटी उघडते
आणि चिमट्याने अलगद काढते
वालाच्या दाण्याएवढा एक पांढरा खडा.
"याने तो ऐकायचा."
मग त्याचा काप काढून भिंगाखाली ठेवते,
ओठ हलवत मोजते:
उन्हाळ्याची कडी रुंद, हिवाळ्याची अरुंद.
अकरा.
टिपून ठेवते. पुढचा मासा.

तिची प्रयोगशाळा न्यूफाउंडलंडच्या कड्यावर,
टोकाला. समुद्र तिथे नळाने येतो,
रात्रंदिवस, बर्फाच्या वासाचा.
टाकीतला म्हातारा सील फक्त तिलाच ओळखतो.
मी तिथे डबा खायला जायचे,
मांडीवर हृदयाच्या झडपांचं पुस्तक.
विद्यापीठ एकच आमचं. हातांचे वास वेगळे.

तिसऱ्या वर्षी मला बारा आठवडे धाडलं
हॅगेट्स आर्मला:
रस्ता संपतो, मग फेरीबोट,
आणि फेरीबोट वाऱ्याच्या मर्जीवर.
डीनबाई म्हणाल्या,
"तिथे स्कॅन नाही. किटली आहे. शिक."

नर्स ड्रुसिला होलेट तेवीस वर्षं त्या दवाखान्यात.
पहिल्या सकाळी तिने माझा स्टेथोस्कोप
खुंटीला टांगला.
"आधी गावाला तुला तपासू दे."
गावाचा प्रश्न दारोदारी एकच,
तू कुणाची गं?
ट्रिफीना स्नूकची नात, मी सांगायचे,
पलीकडच्या बेटावरची.
ते बेट आता रिकामं. चर्चच्या पायऱ्या तेवढ्या उरल्यात.
त्यावर कुणी काही बोलायचं नाही,
पण पाव पुढे यायचा, लोण्यासकट.

एझ्रा पेलींनी तीनदा दार उघडलं नाही.
चौथ्यांदा उघडलं. "मोठ्याने बोल."
डावा कान इंजिनाने पुरता नेलेला,
उजव्यात थोडी धुगधुगी.
ब्याण्णवच्या जुलैत कॉडची मासेमारी बंद झाली,
रेडिओने सांगितलं, ताटं वाढलेली असताना.
"त्याआधी मोजणारे आले होते शहरातून.
मी सांगत होतो, मासा बारीक होतोय,
खाडीत येईनासा झालाय.
एकाच्या हातात पेन्सिल होती.
त्याने ती कानामागे खोचली."

त्या दिवसापासून एझ्रांनी कानाला खडा लावलेला:
ना बोट, ना शहरातलं माणूस.

यावर मी काय बोलणार?
रक्तदाबाचा पट्टा तसाच गुंडाळलेला हातात.
कप विसळले. दुसरं काही सुचेना म्हणून ओरडले,
"माझी मैत्रीण माशांचे कान वाचते!"

ते बराच वेळ बघत राहिले.
मग माळ्यावरून तंबाखूचा डबा काढला.
आत चव्वेचाळीस पुड्या,
वर्तमानपत्राच्या, मेणकागदाच्या, एक तर प्रार्थनेच्या पानाची.
दर हंगामातला सगळ्यात मोठा मासा,
त्याच्या कानातले दोन खडे,
वरती साल, बायकोच्या अक्षरात.
"कशाला जपले?"
"पोरं दाताखाली कडकड वाजवायची. बाकीचे
माहीत नाही."

डबा माझ्याकडे सरकवला
आणि कुणी न सांगता बाही वर केली.
वरचा आकडा एकशे शहाण्णव.
गोळ्या कशा घ्यायच्या ते मी लिहून दिलं, मोठ्या अक्षरात.
त्यांनी कागद उलटा करून पाठ पाहिली,
पुन्हा सुलटा केला.

अकराव्या आठवड्यात सेल्माचा फोन आला.
शेवटच्या नऊ पुड्यांतल्या बाहेरच्या कड्या इतक्या दाट
की तिला भिंग बदलावं लागलं.
मासा वाढतच नव्हता.
"म्हाताऱ्याला सांग," ती म्हणाली,
"त्याचं बरोबर होतं. मी लिहून घेतलंय, त्याच्या नावानिशी."

मी धावत गेले, बूट चिखलाचे.
उजव्या कानाशी वाकून सांगितलं.
"काय?"
पुन्हा सांगितलं.
"मोठ्याने."
किटली उतू चालली होती, कुणी उठेना.
तिसऱ्यांदा ओरडून सांगताना
माझ्या लक्षात आलं,
त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.